एकेचाळीस दारं, एक नळ

३ मार्च, सोमवार

शंभर टक्के! ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आज निळ्या रंगात लिहून टाकलं — "घरोघरी नळ, गाव शंभर टक्के." रंगारी अजून शिडीवरच होता. मी हापशीवरून दोन हंडे घेऊन येत होते, वाचलं, तशीच उभी राहिले. म्हटलं, दादा, आमच्या वस्तीत एकही नळ नाही, टक्का तरी कमी लिही. तो म्हणे, मले जे सांगतलं ते लिहून राह्यलो ताई.

चौकशी केली. १ मेच्या ग्रामसभेत ठराव होणार — गावात सगळ्यांकडे नळ आले, काम पूर्ण. ठराव वर गेला की नळयोजनेची फाईल बंद. मग कोणाच्या दारात जाऊन रडायचं? पाइप मारोतीच्या पाराजवळ येऊन थांबलाय, तिथून पुढं आमची वस्ती, बुद्धनगर, एकेचाळीस घरं. ठेकेदाराचा माणूस कारभारी म्हणतो, तुमच्याकडे उतार आहे, प्रेशर येत नाही. पाणी उताराकडे जात नाही — हे त्याचं विज्ञान!

आईचा किडनीचा रिपोर्ट शनिवारी आला. क्रिएटिनिन अडीच. शेगावच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, जनकाबाई, जमिनीतलं खारं पाणी बंद करा. आमच्या पट्ट्यात जमिनीखाली दुसरं पाणीच नाही. वरवटहून जार आणते मी सायकलवर. तर ही बाई जारचं पाणी पाहुण्यांसाठी झाकून ठेवते अन् स्वतः हापशीचं पिते. म्हणे, पाहुण्याले खारं पाणी देवाव का? किती भांडले. उपयोग नाही. तिच्या दाराशी नळ पाहिजे, तेव्हाच ती गोडं पाणी पिणार.

१ मेच्या आत हा ठराव अडवायचा. कसा, ते माहीत नाही.

५ मार्च, बुधवार

हे कुठंतरी लिहिलंच पाहिजे. ते फोटो मी काढलेत.

मागच्या वर्षी, १४ एप्रिल. जयंतीचा दिवस, सगळ्या बाया पांढऱ्या साड्या नेसून घरीच. कारभारी आला. खांद्यावर एक लोखंडी नळ, खाली टोक, वर तोटी, जोडाला लाल चिंधी गुंडाळलेली. म्हणाला, प्रत्येक दाराशी नळाचा फोटो लागतो, जागा दिसते तसा. फोटो वर गेले की आठ दिवसांत पाइप. त्याच्या फोनमध्ये जागा नव्हती. माझा फोन नवा होता. मग काय, मी! तो नळ मातीत खोचायचा, बाईनं तोटीखाली ओंजळ धरायची, मी फोटो काढायचा. नळ उपटायचा, पुढच्या दारी. आई तर हसली होती. तिचा एवढा चांगला फोटो दुसरा नाही.

आठ दिवसांत पाइप आला नाही. वर्षात आला नाही. मनकर्णाबाईनं तो फोटो चाकणला पोराला पाठवून दिला, राजकुमारला — पाह्य, आपल्याकडे नळ आला! नळ त्याच दुपारी परत गेला हे मग त्याला कोणी कळवलं नाही. अशा किती घरांनी पाठवले असतील. नंतर सगळ्यांनाच लाज वाटली.

अन् मी? बी.एस्सी. झालेली पोरगी. मला कळलं नाही? खरं लिहू का — तिसऱ्या दारापाशीच कळलं होतं. पण सगळ्या एवढ्या खूश होत्या. मी काढत गेले.

९ मार्च, रविवार

रेणुकाकडे गेले होते. बारावीपर्यंत वरवटच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर. ती सरपंचाची पोरगी. म्हणजे सरपंच तिची आई, कोकिळाबाई — पण कागदावर. खुर्चीत बसतात तिचे बाबा, शंकरराव. शिक्का त्यांच्या खिशात, खुर्चीच्या पाठीवर त्यांचा टॉवेल. कोकिळाकाकूंना फक्त सहीला हाक मारतात. त्या स्वयंपाकघरातून हात पुसत येतात, सही करतात, परत जातात. मला आजपण चहा देऊन लगेच आत गेल्या.

रेणुकाला भिंतीचं सांगितलं. फोटोंचं नाही सांगितलं. तिनं फोनवर सरकारी साइट काढली, गावाचं नाव टाकलं. यादी आली. आमच्या वस्तीत एकेचाळीस नळ. बारा सौरदिवे. स्मशानभूमीपर्यंत सिमेंट रस्ता. अभ्यासिका — पुस्तकांसह! आम्ही आधी पोट धरून हसलो. मग हसणं आपोआप थांबलं.

रेणुका दिवसभर तो ठोकळ्यांचा गेम खेळते. त्यात घरं बांधायची, रस्ते बांधायचे, मग कोणीही फोनवरून आत येऊन आपण बांधलेल्या गावात फिरू शकतं. ती यादीकडे बघत म्हणाली, "एवढं भारी गाव हाय अन् आपण पाह्यलंच नाई. चाल, बांधू."

नियम एकच ठरवला. जे कागदावर आहे तेच बांधायचं. एक ठोकळा जास्त नाही, एक कमी नाही.

गेममध्ये तिचं नाव वाघीण. मी माझं हंडा ठेवलं.

१३ मार्च, गुरुवार

सौरदिवे झाले, बारा. रस्ता झाला. खऱ्या रस्त्यावर आज माझी सायकल पंक्चर.

१६ मार्च, रविवार

एकेचाळीस नळ मी बांधले. रेणुकाला हातच लावू दिला नाही. फोटो समोर ठेवून एकेक बांधला, जसाच्या तसा. प्रत्येक तोटीला लाल ठोकळा — चिंधी. ती म्हणाली, हे लाल काय? म्हटलं, असंच, बरं दिसतं. खोटं बोलले.

पंचायत ऑफिस तिनं बांधलं. खुर्चीशी आलो तर भांडण. तिथं कोणाला बसवायचं? मी म्हटलं, कागदावर सरपंच कोण? ती एवढी हसली की पलंगावरून पडली. मग तिनं स्वतःच ठोकळ्यांची बाई केली, हिरवी साडी, चष्मा, अन् खुर्चीत बसवली. टॉवेल नाही घातला. कागदावर टॉवेल नाही.

कचरूआबांना दाखवलं. आमच्या विहाराची चावी त्यांच्याकडे असते, वस्तीत त्यांच्या शब्दाला मान आहे. त्यांनी फोन डोळ्यापासून लांब धरून पाहिलं. म्हणाले, खेळून कोणाले पाणी भेटलं का पोरी?

बघू.

२१ मार्च, शुक्रवार

पहिली रील टाकली. रेणुका गावातून चालते, मी मागून बोलते. "या या, हे पाहा आमचं गाव. इथं पाणीच पाणी. हे पाहा मनकर्णाबाईचा नळ, हे पाहा कचरूआबाचा नळ. हे अभ्यासिका, पुस्तकं मोजून घ्या. फक्त एक अडचण हाय — इथं राहाले यायचं तर कागदाचं व्हावं लागते."

संध्याकाळपर्यंत नऊशे जणांनी पाहिली. त्यातले तीनशे आमच्याच गावचे असतील.

२४ मार्च, सोमवार

अडीच लाख! बापा, अडीच लाख!

गेममध्ये पन्नासच जण मावतात, बाहेर रांग लागली. सोनाळ्याची पोरं आली, सुरतला कामाला असलेली आली. एकानं विचारलं, सगळ्या नळांले एकच लाल ठोकळा काऊन? मी गेम बंद केला.

गावच्या ग्रुपमधून मला काढलं. कारण लिहिलं — गावाची बदनामी. नळ नाही ही बदनामी नाही, नळ दाखवला ही बदनामी!

२७ मार्च, गुरुवार

खाली लोकांनी काय काय लिहिलंय. पाण्याबद्दल कमी, माझ्या बोलण्याबद्दल जास्त. "ही कोणती मराठी?" "ताई, आधी शुद्ध बोलायला शिका, मग आंदोलन करा." एकीनं हसणारी तोंडं टाकली, दहा-बारा. मी सगळं वाचत बसले. दुपारभर मनात वाक्यं जुळवत होते, पुढची रील पुस्तकी मराठीत कशी बोलू म्हणून. मग रेणुकाचा मेसेज आला: "तुह्यी माय त्याईच्या भाषेत तहानलेली हाय का?"

बस. ठरलं. रीलच काय, ही वहीबी आजपासून माह्या बोलीत. शाळेतल्या बाईंनी लावलेली सवय हाय, जाईन हळूहळू. इथं तर कोणी वाचत नाई अन् मी इथंबी मला-तुला करून राह्यली होती. कोणाले भेऊन?

३० मार्च, रविवार

आज पाडवा. रेणुकाचा फोन गेला. शंकररावाले कळलं की वाघीण म्हणजे आपलीच पोरगी. फोन घेतला अन् तिले दुपारच्या गाडीनं उंद्रीले मामाकडे धाडून देलं, पार चिखली तालुक्यात. जातांना मले भेटू देलं नाई. वस्तीच्या कोपऱ्यावरून मी तिची गाडी पाह्यली, तिनं खिडकीतून हात हालवला तेवढाच.

मले लय रडू आलं. माह्यापायी गेली ती.

रील टाकणं बंद नाई होणार. एकटी बोलीन.

३ एप्रिल, गुरुवार

वाघीण आली! दुपारी साडेतीनले गेम उघडला तर पंचायतीपुढं उभी. मी खुशीनं ओरडलीच, आई चुलीजवळून म्हणे काय झालं. मामाच्या पोराचा फोन मिळवला असन तिनं. पण हात बसला नाई त्या फोनवर — भिंतीले धडकते, खड्ड्यात पडते, पुढं जायचं तर मागं जाते. अन् लिहीत काईच नाई. मामी जोळ बसली असन. मी लिहिलं, रेण्या, बोलू नको, नुसती फिर. मी सांगतो तसं कर. अंगठा डाव्या बाजूले धर, हळू सरकव.

दहा मिनिटं फिरली अन् गेली.

८ एप्रिल, मंगळवार

कारभारी घरी येऊन गेला. आईनं त्याले जारचं पाणी देलं! तो प्याला, गिलास ठेवला, अन् गोड आवाजात म्हणे, "फोटो तूच काढले ना समता? तुह्याच फोनमधून गेले. खोटे ठरले तर पहिलं नाव तुहं येईन. सायबरवाल्यांले विचारून ठेवलं मी."

मी त्याचा गिलास उचलून घासाले घेतला. तो गेल्यावर आई म्हणे, काय म्हणे तो? म्हटलं, काई नाई. आईच्या पायावर सूज हाय आज. दाबलं तर बोट उमटते.

त्यानं मले भेव दाखवलं अन् मी भेली. हेच लिहून ठेवतो. उद्या भेणार नाई.

९ एप्रिल, बुधवार

साडेतीनले वाघीण आली. कोणाले तरी सांगणं भाग होतं. तिले लिहिलं सगळं — जयंती, पांढऱ्या साड्या, एकच नळ, लाल चिंधी, अन् फोटो काढणारी मी. तिसऱ्या दारापाशी कळलं होतं तेबी. लिहून झालं अन् वाट पाहत बसली. वाटलं, आता शिव्या देईन. रेण्याच्या शिव्या मले पाठ हायेत.

ती पाराजवळून निघाली अन् एकेका दारापुढं जाऊन थांबली. पहिलं दार, दुसरं दार, तिसरं. धडकत, वळत. सगळे नळ पाह्यले तिनं, एक बी सोडला नाई. पाऊण तास लागला. शेवटच्या नळाजोळ जाऊन तिनं एकच अक्षर लिहिलं. "हो."

काय हो? तरी बरं वाटलं मले.

११ एप्रिल, शुक्रवार

वाघिणीनं खुर्चीतली बाई फोडली! तिच्याच हातानं केलेली, हिरवी साडी, चष्मा, सगळे ठोकळे काढून फेकले. मी चिडली. लिहिलं, काऊन बे, तुह्या मायले काऊन फोडलं? मोकळ्या खुर्चीत ती स्वतः चढून बसली. तसंच बसून राह्यली, गेम बंद होईपर्यंत.

रेणुकाले घरची आठवण येत असन.

१४ एप्रिल, सोमवार

आज सांगून टाकलं.

सकाळी विहारात वंदना झाली, सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत, त्याच साड्या. मी उभी राह्यली अन् म्हटलं, मागच्या वर्षी आजच्याच दिवशी मी तुमाले फसवलं. फोटो मी काढले. त्याच फोटोवर भिंतीवरचे शंभर टक्के उभे हायेत. १ मेले ठराव झाला तर आपल्या वस्तीत नळ कधीच येणार नाई, अन् त्यात माहा हात हाय.

मनकर्णाबाई खाली पाहत होती. मग कचरूआबा उठले. मले वाटलं, आता मारतात. ते म्हणे, "फोटो तू काढले पोरी. पण ओंजळ तं आमीच धरली, कोरड्या तोटीखाली." अन् खाली बसले.

मंग सगळ्या एकदम बोलाले लागल्या. कोणाले माहीत होतं, कोणाले नव्हतं, कोणी पोराले फोटो धाडला, कोणी माहेरी. आई शेवटी बोलली. म्हणे, फोटोत मी हाय, साक्ष मीच देईन, आता लपवू नका कोणी. आईले एवढ्या लोकात बोलतांना मी पह्यल्यांदा ऐकलं.

दुपारी सगळे एकेचाळीस फोटो टाकले, बायाईले विचारून. खाली माहं नाव, पूर्ण. "हे फोटो मी काढले. चिंधी पाहा." घे कारभाऱ्या, सायबरवाल्यांले आता काय सांगतं ते सांग!

१५ एप्रिल, मंगळवार

राजकुमारनं चाकणहून लिहिलं: "मी वर्षभर कंपनीत सांगत होतो, आमच्याकडे नळ आला. मायनं काऊन नाई सांगतलं मले?" मी वाचून मनकर्णाबाईले दाखवलं. तिनं पदर तोंडाले लावला. मंग म्हणे, लाव त्याले फोन.

असे तेवीस मेसेज आहेत. पुणे, सुरत, नाशिक. सगळ्यांच्या मायचा फोटो.

१९ एप्रिल, शनिवार

आता खरं काम. फोटो फिरले, लोक हळहळले, पुढं काय? ग्रामसभेत माणसं पाह्यजेत. आमच्या गावात ग्रामसभा म्हणजे शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी जाते अन् लोक उंबऱ्यात उभे राहून सह्या देतात. सभा झाली! कोणाचा अंगठा, कोणाची सही, ठराव काय ते कोणी विचारत नाई. मागच्या वेळी कचरूआबाची सही हाय रजिस्टरात, अन् ते त्या दिवशी अकोल्याले दवाखान्यात होते.

गेममध्ये पंचायतीपुढं मोठी पाटी लावली. "१ मे, सकाळी दहा. या गावात नाई, खऱ्या गावात. उंबऱ्यात सही देऊ नका." बाहेरगावच्या पोट्ट्याईले एकच काम देलं — घरी फोन करायचा अन् मायबापाले सांगायचं, दारात रजिस्टर आलं तर म्हणा, सभेत येतो.

वाघीण रोज येते. पाटीजोळ उभी राहते, मंग खुर्चीत जाऊन बसते. आता धडकत नाई जास्त.

२४ एप्रिल, गुरुवार

वरच्या आळीतल्या तीन बायाईनं हापशीवर मले विचारलं, सभा किती वाजता हाय. वरच्या आळीत नळ आले, पण पाणी आठ दिवसातून एकदा. त्याईच्याबी पोरानं फोन केला होता.

२९ एप्रिल, मंगळवार

शिपाई रजिस्टर घेऊन फिरला. आमच्या वस्तीतून रजिस्टर कोरंच गेलं.

शंकरराव स्वतः आले सायंकाळी, मोटारसायकल बंद न करताच बोलले. म्हणे, पोरी, गेम गेममध्ये ठेव. मी म्हटलं, शंकरकाका, गेम तुमी सुरू केला, आमी नुसता बांधला. गाडी तशीच वळवून गेले.

१ मे, गुरुवार

दुपारी लिहून राह्यली.

दहाले पंचायतीपुढं दोनशेच्या वर माणसं. आमच्या सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत. सतरंजी पुरली नाई, लोक उन्हात उभे राह्यले. टेबलामागं तालुक्याचे साहेब, ग्रामसेवक, अन् मधल्या खुर्चीत शंकरराव, पाठीमागं टॉवेल. ठराव वाचला. शंभर टक्के. शंकरराव म्हणे, मंजूर का?

आई उठली. हातात हापशीच्या पाण्याचा तांब्या अन् गिलास. भरला अन् साहेबापुढं ठेवला. म्हणे, "साहेब, पाहुण्याले मी खारं पाणी कधी देलं नाई. आज देतो. हे आमच्या नळाचं पाणी." साहेबानं एक घोट घेतला. दुसरा नाई घेतला. गिलास खाली ठेवला अन् रुमालानं तोंड पुसलं.

कारभारी मागून म्हणे, फोटो कोण्या पोरीनं काढले ते विचारा आधी. मी उभी राह्यली. म्हटलं, मी काढले. मीच लिहिलं खाली. त्याच्यासाठी मले जे करायचं ते करा, पण नळाचं काय ते बोला. शंकरराव टेबलावर हात आपटून म्हणे, बहुमतानं मंजूर, लिहा ग्रामसेवक. ग्रामसेवकानं पेन उघडला. त्या वेळी मले वाटलं, गेलं. सगळं गेलं.

तेवढ्यात गर्दी बाजूले झाली. कोकिळाकाकू. हिरवी साडी, चष्मा. शंकररावाले वाटलं सहीले बोलवली, म्हणून आली. त्यानं कागद पुढं सरकवला. काकू कागदाकडे नाई गेल्या. खुर्चीजोळ गेल्या, पाठीवरचा टॉवेल काढला, घडी घातली अन् नवऱ्याच्या हातात देला. तो उठून उभा राह्यला — काय झालं ते त्यालेच कळलं नाई. काकू खुर्चीत बसल्या.

"एकेचाळीस फोटोत एकच चिंधी हाय," त्या म्हणाल्या. "मी एकेका दाराशी मोजली. सही करत नाई मी."

शंकरराव हळूच म्हणे, घरी चाल.

"घरी येतो मी. सभा झाल्यावर."

मंग ग्रामसेवकाले सांगतलं, लिहा. ठराव नामंजूर. बुद्धनगरात एकबी नळ नाई, काम अपूर्ण, चौकशी व्हावी. हळूहळू सांगत गेल्या, शब्द शोधत. ग्रामसेवकानं साहेबाकडे पाह्यलं. साहेब म्हणे, सरपंच बाई सांगून राह्यल्या ना, लिहा. दोनशे हात वर झाले. कचरूआबाचे दोन्ही.

नळ आला नाई अजून. हे बी लिहून ठेवतो, नाईतर उद्या मलेच वाटन की आला. पण फाईल उघडी हाय. अन् आई आज घरी आली, जारचं पाणी गिलासात घेतलं अन् स्वतः प्याली. मी पाहतो ते पाहून म्हणे, काय पाहतं? मले बी तहान लागते.

काकूले दाराशी मोजतांना आमच्या वस्तीत कोणीच पाह्यलं नाई. मी आईले विचारलं, मनकर्णाबाईले विचारलं. कोणीच नाई.

४ मे, रविवार

रेणुका उंद्रीवरून आली आज. मी गळ्यातच पडली. म्हटलं, वाघीण, लय साथ देली तू मले. ती पाहतच राह्यली. म्हणे, मी कायची? मामाकडे साधा बटनाचा फोन हाय, महिनाभर गेम पाह्यला बी नाई. माहा फोन तं बाबानं आईजोळ देला होता, कपाटात कुलूप लावून ठेवाले.

मी घड्याळ पाह्यलं.

साडेतीनले गेम उघडला. वाघीण आली. पाराजोळ थांबली, पाइप संपतो तिथं. मी लिहिलं — काकू?

मंग एकेक अक्षर उमटलं:

"हो. इथून पुढं पाइप कुठून न्याचा ते दाखव."